मर्यादित अंदाजपत्रकात संगणकाची जुळणी : सुट्या भागांच्या निवडीची तत्त्वे

सारांश
सुटे भाग निवडून जुळविलेला डेस्कटॉप संगणक हा मर्यादित उत्पन्न असलेल्या अध्यापकासाठी व्यवहार्य पर्याय आहे. मात्र अशा संगणकाची उपयुक्तता सर्वांत महाग भागावर अवलंबून नसते. आपल्या कामात ज्या भागामुळे सर्वाधिक खोळंबा होतो, त्या भागावर ती अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या तत्त्वाची मांडणी करून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवण आणि एसएमपीएस यांच्या निवडीचे निकष स्पष्ट केले आहेत.

बीजसंज्ञा : संगणक जुळणी, घटकनिवड, अंदाजपत्रक, सुसंगती, साठवण.

१. प्रस्तावना

अध्यापन, मूल्यमापन, संशोधन आणि महाविद्यालयीन प्रशासन या चारही क्षेत्रांत आज संगणक अपरिहार्य झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर आवश्यक असतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणतः २०१७ मध्ये बाजारात आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. परिणामी, सुस्थितीत चालणारे अनेक जुने संगणक बदलण्याचा प्रश्न अध्यापकांसमोर उभा राहिला आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने तर ही काही महिन्यांच्या मानधनाची गुंतवणूक ठरते. निवड चुकली तर पैसा जातो, आणि प्रसंगी संशोधनाची सामग्रीही जाते. संस्थेच्या खरेदीला खरेदीनियम लागू असल्याने येथे केवळ वैयक्तिक खरेदीचा विचार केला आहे.

२. लघुतम घटकाचे तत्त्व

कृषी रसायनशास्त्रात कार्ल श्प्रेंगेल व युस्टुस फॉन लीबिग यांच्या नावाशी निगडित असलेला लघुतम नियम प्रसिद्ध आहे. पिकाची वाढ मुबलक असलेल्या अन्नद्रव्यावर ठरत नाही. ज्या अन्नद्रव्याची सर्वाधिक उणीव असते त्यावर ती ठरते. नत्र कमी असताना पालाश कितीही दिले तरी उत्पन्न वाढत नाही. संगणकशास्त्रात जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये याच्याशी मिळताजुळता विचार मांडला. कामाचा एखादा भाग कितीही वेगवान केला तरी एकूण लाभ त्या भागाच्या मूळ वाट्यापुरताच मर्यादित राहतो, हे त्याचे सार होय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जुना संगणक सुरू होऊन दस्तऐवज उघडेपर्यंत ६० सेकंद लागतात. त्यांपैकी ३६ सेकंद हार्ड डिस्कची वाट पाहण्यात, १८ सेकंद प्रोसेसरच्या कामात व ६ सेकंद इतरत्र जातात असे मानू. प्रोसेसर दुप्पट वेगवान घेतल्यास एकूण वेळ ५१ सेकंद होईल. प्रोसेसर तोच ठेवून साठवण नऊपट जलद केल्यास तो २८ सेकंदांवर येईल. या उलट, ६० मिनिटे चालणाऱ्या एखाद्या सांख्यिकीय विश्लेषणात ५४ मिनिटे प्रोसेसरच राबत असेल, तर प्रोसेसरचा वेग दुप्पट होताच काम ३३ मिनिटांत उरकेल. तेथे जलद साठवणीचा लाभ नगण्य असेल. म्हणजेच कोणता भाग चांगला, हा प्रश्न कामाचा संदर्भ दिल्याशिवाय निरर्थक ठरतो.

आपल्या कामात खोळंबा कोठे होतो, हे पाहणे अवघड नाही. नेहमीचे काम सुरू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचा वापर पाहावा. जो आकडा सतत १०० टक्क्यांच्या जवळ राहतो, तेथे खर्चाला प्राधान्य द्यावे.

३. कामाच्या स्वरूपानुसार निवड

३.१ लेखन व कार्यालयीन काम : शोधनिबंध, गुणतक्ते, महाजालावरील वाचन आणि दूरस्थ बैठका यांसाठी साधा प्रोसेसर पुरेसा असतो. येथे खरा फरक साठवणीमुळे पडतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात. म्हणून हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यास सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. शीर्ष सरकण्याचा वेळ निराळाच. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने हा विलंब सुमारे ०.१ मिलिसेकंद इतका अल्प असतो. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट, तर एनव्हीएमई प्रकारची ३५०० किंवा त्याहून अधिक मेगाबाइट माहिती वाचते. तथापि, हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे जाताना जाणवणारा बदल या दोन प्रकारांमधील फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. लेखनाच्या कामासाठी सर्वांत वेगवान एसएसडी घेण्याचे कारण नाही.

३.२ सांख्यिकीय विश्लेषण : 'आर' ही संगणकीय भाषा सामान्यतः संपूर्ण सामग्री रॅममध्ये घेऊन काम करते. एक कोटी ओळी व २० संख्यात्मक स्तंभ असलेल्या सारणीस, प्रत्येक दशांश संख्येस ८ बाइट या हिशेबाने, १.६ गिगाबाइट जागा लागते. प्रक्रियेत तिच्या प्रती तयार झाल्या की ८ गिगाबाइट रॅम अपुरी पडते. अशा कामासाठी १६ गिगाबाइट ही किमान व ३२ गिगाबाइट ही सोयीची मर्यादा समजावी.

३.३ चित्रफीत संपादन व यंत्र-अध्ययन : केवळ याच गटात स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा खर्च समर्थनीय ठरतो. इतरांना प्रोसेसरमधील अंतर्भूत ग्राफिक्स पुरते. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यात अंतर्भूत ग्राफिक्स कार्यरत नसते. तो थोडा स्वस्त दिसतो. परंतु वेगळे कार्ड नसल्यास पडद्यावर काहीच उमटत नाही.

४. नाव, पिढी आणि सुसंगती

'आय-सेव्हन' म्हणजे उत्तम आणि 'आय-थ्री' म्हणजे सामान्य, ही समजूत केवळ एकाच पिढीपुरती खरी आहे. २०१७ मधील कोअर आय-सेव्हन ७७०० आणि २०२२ मधील कोअर आय-थ्री १२१०० या दोहोंत चारच गाभे आहेत. तरीही नंतरचा आय-थ्री स्पष्टपणे वेगवान आहे. शिवाय पहिला विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही. जुन्या संगणकांच्या बाजारात 'आय-सेव्हन'च्या नावावर किंमत मागितली जाते, तेव्हा पिढीचा क्रमांक पाहणे अत्यावश्यक आहे.

प्रोसेसर व मदरबोर्ड यांची निवड एकत्रच करावी लागते, कारण दोहोंचे सॉकेट जुळावे लागते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७०० हे सॉकेट आहे; ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ हे निराळे सॉकेट लागते. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ रॅम चालते. एलजीए १७०० चे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. परंतु एका रॅमची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. जुने सॉकेट स्वस्त पडते, पण पुढे प्रोसेसर बदलण्याची वाट तेथे लवकर संपते. सहा-सात वर्षे संगणक आहे तसाच वापरायचा असल्यास ही मर्यादा स्वीकारण्यास हरकत नाही.

रॅमबाबत आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. डीडीआर४-३२०० प्रकारच्या एका पट्टीचा सैद्धांतिक वेग सेकंदाला २५.६ गिगाबाइट असतो. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्यास तो ५१.२ गिगाबाइट होतो. अंतर्भूत ग्राफिक्सला याचा विशेष लाभ होतो, कारण ते हीच रॅम वापरते. परंतु स्वस्त मदरबोर्डवर बहुधा दोनच खाचा असतात. केवळ लेखनकाम असेल तर १६ गिगाबाइटची एकच पट्टी घेऊन एक खाच मोकळी ठेवणे इष्ट. ग्राफिक्सचे काम असेल तर आरंभीच दोन पट्ट्या घ्याव्यात. 'रॅम नंतर स्वस्तात वाढवू' हे गृहीतकही सदैव टिकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहितीकेंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने वाढले. म्हणूनच प्रस्तुत लेखात भावांचा तक्ता देण्याचे टाळले आहे.

५. एसएमपीएस, वीज आणि उष्णता

काटकसरीत सर्वप्रथम बळी जातो तो एसएमपीएसचा. वस्तुतः संगणकाच्या प्रत्येक भागाला वीज याच पेटीतून मिळते. '८० प्लस' हे प्रमाणन कार्यक्षमतेचे आहे. त्याच्या मूळ श्रेणीत २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते. सुट्या भागांना १५० वॅट लागत असतील, तर ८० टक्के कार्यक्षमतेला सुमारे १८८ वॅट व ८५ टक्क्यांना सुमारे १७६ वॅट वीज घेतली जाते. वर्षाला २००० तास वापर धरला तरी बचत २०-२५ युनिटांपलीकडे जात नाही. त्यामुळे चांगला एसएमपीएस वीजबिलासाठी नव्हे, तर विद्युतदाबाच्या चढउतारांपासून आणि शॉर्ट सर्किटपासून मिळणाऱ्या संरक्षणासाठी घ्यावयाचा असतो. कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. यूपीएस घेतानाही व्हीए आणि वॅट यांतील भेद ध्यानात ठेवावा. ६०० व्हीएचा यूपीएस अनेकदा ३६० वॅटच पेलतो.

उष्णतेचाही विचार आवश्यक आहे. पंखा प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर तेवढ्याच भारावर ४२ अंशांच्या खोलीत ८७ अंशांच्या आसपास जाईल. विदर्भातील उन्हाळा लक्षात घेता, दिव्यांनी सजविलेल्या बंदिस्त कॅबिनेटपेक्षा समोरून हवा घेणारे, धूळ साफ करण्यास सोपे असे साधे कॅबिनेट अधिक उपयुक्त होय.

६. प्रत्यक्ष खरेदी

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो वा गावातील ओळखीचे दुकान, अंदाजपत्रक मागताना प्रत्येक भागाचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. 'आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी' हे वर्णन अपुरे आहे. जुळविलेल्या संगणकाला एकच वॉरंटी नसते. प्रत्येक भागाची वॉरंटी व तिचा कालावधी निराळा असतो. म्हणून बिलावर भागवार अनुक्रमांकांची नोंद असावी. दर जीएसटीसह आहे किंवा नाही, हेही आधीच विचारावे, कारण १८ टक्क्यांनी सारा हिशेब बदलतो. मॉनिटर, यूपीएस, प्रणालीचा परवाना आणि सामग्रीची दुसरी प्रत ठेवण्यासाठी बाह्य डिस्क या बाबी अंदाजपत्रकातून बहुधा सुटतात. त्या आधी वजा करून उरलेल्या रकमेची विभागणी करावी.

७. निष्कर्ष

१. खरेदीपूर्वी जुन्या संगणकाची तपासणी करावी. तो आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा असल्यास एसएसडी आणि रॅमची भर एवढ्यानेच काम भागण्याची शक्यता असते.
२. त्याआधीच्या संगणकावर लिनक्स व लिबरऑफिस वापरून लेखनकाम चालू ठेवता येते. मराठी टंकलेखनाची इनस्क्रिप्ट पद्धती तेथेही उपलब्ध आहे.
३. नव्या जुळणीत कॅबिनेटची सजावट, एसएसडीचा अतिरिक्त वेग व अनावश्यक ग्राफिक्स कार्ड यांत काटकसर करावी.
४. एसएमपीएस, रॅमची पुरेशी क्षमता आणि सामग्रीची दुसरी प्रत यांत काटकसर करू नये. प्रोसेसर नंतर बदलता येतो. पाच वर्षे गोळा केलेली क्षेत्रीय सामग्री एकदा नष्ट झाली की कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.