वऱ्हाडातील परसबागेत फुलझाडांची लागवड

घराच्या मागील अंगणात दोन-चार फुलझाडे असावीत, अशी इच्छा बहुतेक कुटुंबांत असते. देवपूजा, महालक्ष्म्यांचा सण, दसरा, दिवाळी, लग्नकार्य अशा प्रत्येक प्रसंगी फुलांची गरज पडते व त्यासाठी बाजारात पैसा मोजावा लागतो. असे असूनही अमरावती व अकोला जिल्ह्यांतील अनेक घरी पावसाळ्यात हौसेने लावलेली झाडे पुढील वैशाखापर्यंत टिकत नाहीत. काही झाडे श्रावणातच पिवळी पडून मरतात, तर उरलेली उन्हाळ्यात वाळतात. याचा दोष दैवाला किंवा रोपे विकणाराला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा कारण जमीन, पाणी आणि झाड यांचा मेळ न बसणे हेच असते. हा मेळ कसा घालावा, याचे विवेचन येथे केले आहे.

हवामान व जमीन

वऱ्हाडचा उन्हाळा कडक आहे. मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते व उष्ण, कोरडे वारे वाहतात. पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. हिवाळा मात्र फुलझाडांना अत्यंत अनुकूल असतो.

येथील काळी कसदार जमीन कपाशीला मानवते. पण ती सर्व फुलझाडांना मानवेलच असे नाही. या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. ओली झाली म्हणजे ती फुगते व तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात. वाळली म्हणजे आकसून तिला भेगा पडतात. पावसाळ्यात मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजतात आणि उन्हाळ्यात भेगांमुळे बारीक मुळे तुटतात. श्रावणात पिवळे पडणारे झाड हे पुष्कळदा पाणी कमी झाल्याने नव्हे, तर जास्त झाल्याने मरत असते.

अशा जमिनीत खोल खड्डा खणून तो शेणखत व मुरमाने भरला, तर भोवतालच्या चिकण जमिनीतून पाणी निघून जात नाही आणि खड्ड्याचा हौद होतो. यास्तव खड्डा भरताना माती जमिनीच्या पातळीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच येईल अशी भरावी आणि झाड त्या उंचवट्यावर लावावे. हंगामी फुलांसाठी तेवढ्याच उंचीचे गादीवाफे करावेत. मोगरा, जास्वंद यांसारख्या झुडपांना ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. त्यात चांगले कुजलेले शेणखत एक ते दोन घमेली मिसळावे. चिकण जमिनीत थोडी वाळू टाकली म्हणजे ती भुसभुशीत होते, हा समज बरोबर नाही. हे काम शेणखत व पालापाचोळ्याचे खतच करू शकते.

खारपाणपट्टा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांचे काही भाग या पट्ट्यात येतात. येथील विहिरींचे पाणी खारट असते. झाड पाणी शोषून घेते, परंतु त्यातील क्षार जमिनीतच मागे राहतात. प्रत्येक पाण्याबरोबर क्षार वाढत जातो. त्यातील सोडियममुळे चिकणमातीचे कण विस्कटून जमीन घट्ट बसते. मग तिच्यात ना पाणी मुरते, ना हवा शिरते. पानांच्या कडा करपणे हे याचे पहिले लक्षण होय. हे लक्षण पाहून पुष्कळ जण झाड तहानलेले आहे असे समजतात व तेच खारे पाणी अधिक घालतात. त्यामुळे झाड लवकर मरते.

या पट्ट्यात तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, क्षार सहन करणारी झाडे निवडावीत. बोगनवेल व कण्हेर ही त्यांत अग्रगण्य असून सदाफुलीही बऱ्यापैकी तग धरते. गुलाब क्षारांना फार नाजूक असल्याने तो खाऱ्या पाण्यावर लावण्याचा आग्रह धरू नये. दुसरी, खारे पाणी पानांवर शिंपडू नये. ते बुंध्याभोवतीच्या आळ्यात द्यावे. तिसरी, पावसाचे पाणी साठवावे. जमीन चोपण झाली असल्यास मातीपरीक्षण करून घ्यावे व अहवालात सुचविलेल्या प्रमाणातच जिप्सम घालावे. जिप्सममधील कॅल्शियम हा मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो व सुटा झालेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली जातो. म्हणून जिप्सम पावसाळ्यापूर्वी घालणे इष्ट असते, व पाण्याच्या निचऱ्याची सोय नसल्यास त्याचा उपयोग होत नाही.

पाण्याचा हिशेब

झाडे लावण्यापूर्वी त्यांना उन्हाळ्यात पाणी कोण व कोठून आणणार, याचा विचार झाला पाहिजे. दहा झुडपांना फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत दर तिसऱ्या दिवशी प्रत्येकी ५ लिटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर एकूण २,००० लिटर पाणी लागते. घागरीत सुमारे १५ लिटर पाणी मावते असे धरल्यास या सुमारे १३३ घागरी होतात. जेथे घरातील स्त्रियांना पिण्याचे पाणीच दुरून डोक्यावर आणावे लागते, तेथे हा भार त्यांच्यावर टाकणे न्याय्य नव्हे. फुलबाग ही घराची शोभा आहे. ती गृहिणीची शिक्षा होता कामा नये.

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे न्हाणीचे पाणी. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी २० लिटर पाणी स्नानास लागले, तर दररोज १०० लिटर पाणी वाहून जाते. वरील दहा झुडपांची सरासरी दैनिक गरज सुमारे १७ लिटर म्हणजे याच्या एक-पंचमांशाहूनही कमी आहे. न्हाणीपासून लहान चारी काढून तिच्या काठी कर्दळ लावावी व पुढे पाणी आळीपाळीने झुडपांकडे वळवावे. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र बागेत सोडू नये. त्यातही सोडियम असल्याने खारपाणपट्ट्यात ते दुहेरी घातक ठरते. चारीत पाणी तुंबू देऊ नये, अन्यथा डासांची पैदास होते.

दुसरे उत्तर म्हणजे छपरावरील पाऊस. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. ३० चौरस मीटरच्या पत्र्याच्या छपरावर ८५ मिलिमीटर पाऊस पडून पाचवा हिस्सा वाया गेला, तरी २,००० लिटरची टाकी भरते. म्हणजे सप्टेंबरमधील शेवटच्या दमदार पावसांनी टाकी भरून घेतली, तर दहा झुडपांचा उन्हाळा निभावू शकतो. छपराचे पहिले धूळमिश्रित पाणी सोडून द्यावे, टाकी घट्ट झाकावी व ती सावलीत असावी.

पाण्याची बचत करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आच्छादन. सोयाबीनचे कुटार, तुरीचा पाला किंवा वाळलेले गवत बुंध्याभोवती ८ ते १० सेंटिमीटर जाडीने पसरावे. त्यामुळे ओलावा टिकतो व जमिनीला भेगा कमी पडतात. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये व वाळवीवर लक्ष ठेवावे. कोवळ्या रोपांना पश्चिमेच्या उन्हापासून वाचविण्यासाठी तुराट्यांचा कूड किंवा मांडव करावा. पऱ्हाट्या वापरावयाच्या झाल्यास त्यांवर वाळकी बोंडे मुळीच राहू देऊ नयेत. अशा बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि परसातून पुन्हा शेतात जाते.

झाडांची निवड व निगा

झेंडू : नवशिक्याने झेंडूपासून आरंभ करावा. पेरणीपासून फुलांचा चांगला बहर येण्यास साधारणतः ९० ते १०० दिवस लागतात. म्हणून दसऱ्याच्या तारखेपासून मागे दिवस मोजून बी टाकावे. अधिक मासामुळे दसरा कधी सप्टेंबरच्या अखेरीस, तर कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, हे ध्यानात ठेवावे. दिवाळीसाठी दुसरे बी वीस दिवसांनी टाकावे. रोपे तीन ते चार आठवड्यांची झाली म्हणजे गादीवाफ्यावर लावावीत. लावणीनंतर महिनाभराने शेंडा खुडल्यास फांद्या वाढून फुलांची संख्या वाढते. झेंडूच्या मुळांतून निघणारी द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना मारक असल्याने भाजीच्या वाफ्यांत फेरपालटास तो उपयुक्त आहे. पुसा नारंगी गेंदा व पुसा बसंती गेंदा हे त्याचे प्रसिद्ध वाण होत.

मोगरा : वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा खरा मित्र मोगरा होय. इतर झाडे कोमेजतात तेव्हा हा फुलतो. डिसेंबरमध्ये पाणी कमी करून झाडास विश्रांती द्यावी, अखेरीस छाटणी करावी, नंतर आळे खांदून शेणखत घालावे आणि पाणी सुरू करावे. छाटणीनंतर येणाऱ्या नव्या फुटीवरच कळ्या लागतात. न छाटलेला मोगरा नुसताच पाल्याने वाढतो.

शेवंती व निशिगंध : दिवस लहान होऊ लागले म्हणजे शेवंतीस कळ्या धरतात. म्हणून ती पावसाळ्याच्या आरंभी लावून शेंडे खुडून वाढवावी. रात्री दिव्याचा उजेड तिच्यावर पडत राहिल्यास फुले उशिरा येतात. अंगणातील दिव्याखाली तिचा वाफा करू नये. निशिगंधाचे कंद मार्च ते मे या काळात निचऱ्याच्या जागी लावावेत.

गुलाब : गोड्या पाण्याची खात्री असेल तरच गुलाब लावावा. वऱ्हाडच्या चुनखडीयुक्त जमिनीत त्याची कोवळी पाने पिवळी होतात, परंतु शिरा हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही चुन्यामुळे ते झाडास मिळत नाही, असे समजावे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी फवारणी करावी व शेणखत वाढवावे. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटणी करावी. डोळा भरलेल्या जागेच्या खाली येणारे फुटवे खुंटाचे असतात. ते वेळीच काढले नाहीत तर मूळ गुलाब मरून रानटी खुंटच शिल्लक राहतो.

जास्वंद : बाराही महिने फुले देणारे हे झाड कपाशी व भेंडीच्या कुळातील आहे. त्यामुळे पांढरी माशी व पिठ्या ढेकूण त्यावर आश्रय घेतात आणि शेतात पसरतात. शेतालगतच्या घरी जास्वंदीची पाने आठवड्यातून एकदा उलटून पाहावीत व कीडग्रस्त फांद्या जाळून टाकाव्यात. आरंभी निंबोळी अर्काची फवारणी पुरते. ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळावे, एक लिटर द्रावण करावे व त्यात किंचित साबण मिसळून त्याच दिवशी वापरावे.

कण्हेर : पाण्यावाचून टिकणारे व खाऱ्या जमिनीतही फुलणारे हे झाड आहे. मात्र तांबडी व पिवळी अशा दोन्ही कण्हेरींचे सर्व भाग विषारी असतात. पिवळ्या कण्हेरीचे बी विशेषच. ती गोठ्याजवळ किंवा लहान मुले खेळतात तेथे लावू नये. छाटलेल्या फांद्या चाऱ्यात, कडब्यात किंवा उघड्या उकिरड्यावर जाऊ देऊ नयेत. वाळल्यावरही विष नाहीसे होत नाही. ज्या घरी शेळ्या मोकळ्या फिरतात, तेथे कण्हेरीऐवजी बोगनवेल सुचवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

रोपे वाटण्यापूर्वी प्रत्येक घरी चार प्रश्न विचारावेत. विहिरीचे पाणी गोडे आहे की खारे? पावसाळ्यात परसात पाणी साचते काय? न्हाणीचे पाणी कोठे जाते? गुरे, शेळ्या व लहान मुले कोठे वावरतात? या उत्तरांवरून झाडांची निवड आपोआप ठरते. पाण्याविषयी प्रश्न घरधन्यापेक्षा ते भरणाऱ्या स्त्रीस विचारणे श्रेयस्कर, कारण खरा हिशेब तिलाच ठाऊक असतो. माती व पाण्याचे परीक्षण आणि अधिक सल्ला यांसाठी अकोला येथे १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी अथवा तालुका कृषी अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा.

पहिल्या वर्षी झेंडूचा एक वाफा, दोन मोगरे, एक जास्वंद आणि कुंपणाला एक बोगनवेल एवढेच लावावे. ही झाडे एक उन्हाळा निभावली म्हणजे पुढील वर्षी संख्या वाढविण्यास हरकत नाही. पन्नास रोपे लावून पाच जगविण्यापेक्षा पाच लावून पाचही जगविणे हेच शहाणपणाचे होय.