सिंहासनामागची राणी

नायजेरियाच्या एकिटी प्रदेशात इकेरे नावाचे योरुबा राज्य आहे. तिथल्या राजाला ओगोगा म्हणतात. १९१० ते १९१४ या काळात ओलोवे नावाच्या कारागिराने त्याच्या वाड्याच्या पडवीसाठी खांब कोरले. त्यांतला एक आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. उंची जेमतेम पाच फूट.

खांबावर राजा सिंहासनावर बसला आहे, पण नजर आधी जाते ती मागे उभ्या थोरल्या राणीकडे. ती त्याच्याहून कितीतरी मोठी. लांब मान, ताठ पाठ, भरदार स्तन, हात सिंहासनाच्या पाठीवर. राज्याभिषेकात मुकुट चढवण्याचा मान तिचाच. त्या मुकुटाच्या टोकाशी एक पक्षी बसला आहे. योरुबा ज्यांना ‘आपल्या आया’ म्हणतात, त्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या, पूर्वजांच्या आणि देवींच्या गूढ सामर्थ्याची ती खूण. त्यांचे पाठबळ गेले तर राजाची सत्ता टिकत नाही. हे सांगायला ओलोवेने राणीला राजाहून उंच केले. मला हा त्याचा सर्वांत धीट निर्णय वाटतो.

योरुबा लाकूडकामात स्त्री सगळीकडे भेटते. वीज आणि मेघगर्जनेचा देव शांगो, त्याच्या दंडावर ती दुधारी परशू डोक्यावर पेलते. इफा या भविष्यकथनातल्या पवित्र पाम-बिया ठेवायचे पात्रही तीच तोलून धरते. कधी पाठीशी मूल बांधलेले असते. पुष्कळदा ती गुडघ्यांवर असते, आणि परक्या माणसाला तिथे लाचारी दिसते. या शिल्पांवर याहून मोठा अन्याय नाही. योरुबा परंपरेत ही बाळंत होणाऱ्या आईची बैठक आहे, देवापुढे बसण्याचीही तीच. डोके शरीराच्या मानाने मोठे, कारण माणसाचे नशीब तिथे वसते. चेहरा कोणा एकीचा नसतो. वय मात्र ऐन उमेदीचे.

वाकस आणि सुरी चालवणारे हात पुरुषांचे. ओलोवेचा हात इतका खोल जाई की दरवाजावरच्या उठावातल्या आकृती फळीतून बाहेर झुकतात. इकेरेच्या वाड्यातला असाच दरवाजा १९२४ मध्ये लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात गेला. ब्रिटिश म्युझियमला तो हवा होता. ओगोगाने बदल्यात इंग्लंडमध्ये घडवलेले सिंहासन घेतले.

ओलोवे १९३८ मध्ये वारला. पन्नास वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याची पत्नी ओलोजू-इफुन हिने त्याचे स्तुतिगान म्हटले आणि अभ्यासक जॉन पेम्बर्टन यांनी ते नोंदवून घेतले. त्याच्या आयुष्याविषयी आणि कामाविषयी आज जे सांगता येते, त्यातले बरेचसे तिच्या तोंडून आले आहे.