रांगांमधील वाट : मोटारसायकल, कायदा आणि माहूरचा रस्ता

वाहनांच्या दोन रांगांमधील मोकळ्या पट्टीतून मोटारसायकल पुढे काढण्यास कायद्याने मुभा असावी की नसावी, हा वाद गेल्या काही वर्षांत अनेक देशांच्या विधिमंडळांपुढे आला आहे. भारतात ही कृती इतकी नित्याची आहे की तिला शास्त्रीय संज्ञा देण्याची निकडही कोणास वाटली नाही. बोलीत तिला 'मधून काढणे' म्हणतात. तीत उद्दामपणाची छटा असेल तर 'कट मारणे' म्हणतात. या दोन शब्दप्रयोगांत जो भेद लोकांनी सहज केला आहे, तो कायद्याच्या भाषेत कसा उतरवावा, हाच वस्तुतः या वादाचा गाभा आहे.

मुभेच्या बाजूने मांडला जाणारा पहिला मुद्दा जागेचा आहे. सिग्नलवर चार मोटारी व बारा मोटारसायकली थांबल्या आहेत असे मानू. प्रत्येक दुचाकीने मोटारीप्रमाणे रांगेत एकामागे एक उभे राहावयाचे ठरविल्यास, अंतरासह मोटारीस पाच व दुचाकीस तीन मीटर धरून रांगेची लांबी छप्पन मीटर होते. दुचाकी मधल्या पट्टीत शिरल्या तर तीच रांग सुमारे वीस मीटरांत मावते. ज्या देशातील नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत, तेथे हा फरक किरकोळ नव्हे. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. थांबलेल्या रांगेच्या शेपटाशी उभ्या असलेल्या मोटारसायकलस्वारास मागून येणाऱ्या वाहनाचा धोका असतो. दोन मोटारींच्या मध्ये तो त्यातून बराचसा सुटतो. विरोधकांचे उत्तर असे की, रांगेतील चालक शेजारच्या पट्टीत वळण्यापूर्वी मागून येणाऱ्या मोटारीची अपेक्षा करतो, मोटारसायकलची नव्हे. आणि उघडणाऱ्या दरवाजाला तर कोणताच इशारा नसतो.

या वादात ज्या संशोधनाचा आधार वारंवार घेतला जातो, ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभ्यासकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. अपघातात सापडलेल्या ५,९६९ मोटारसायकलस्वारांची त्यात पाहणी होती. त्यांपैकी ९९७ जण अपघातसमयी रांगांमधून जात होते. या गटात डोक्यास इजा होण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर इतरांत १७ टक्के आढळले. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे १.२ व ३ टक्के होते. मुभेचे पुरस्कर्ते हे आकडे मोठ्या उत्साहाने पुढे करतात. तथापि, पाहणीतील प्रत्येक स्वार अपघातग्रस्तच होता, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. अपघात झाल्यास इजा कितपत गंभीर होते, एवढेच हे आकडे सांगतात. मधून गेल्याने अपघात होण्याचा संभव वाढतो की घटतो, हे त्यांवरून ठरत नाही. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. वाहतुकीचा वेग ताशी ५० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरपर्यंत, आणि मोटारसायकल व शेजारची वाहने यांच्या वेगांतील फरक ताशी १५ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरपर्यंत असेल, तर ही कृती तुलनेने सुरक्षित ठरते. फरक त्यापुढे गेला की इजांचे प्रमाण वाढते.

वेगांतील फरकाला एवढे महत्त्व का, हे साध्या हिशेबाने कळते. शेजारचे वाहन अचानक वळले तर स्वाराचा हात ब्रेकवर जाण्यास दीड सेकंद लागतो असे धरू. फरक ताशी १० किलोमीटर असेल तर तेवढ्या वेळात तो त्या वाहनाच्या तुलनेत सुमारे चार मीटर, म्हणजे जेमतेम एका मोटारीच्या लांबीइतका, पुढे सरकतो. फरक ४० किलोमीटर असेल तर हेच अंतर सोळा मीटरांवर जाते. मग ब्रेक लागण्यापूर्वीच टक्कर झालेली असते.

निरनिराळ्या देशांचे कायदे या हिशेबाच्या जवळपास येऊन थांबले आहेत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १ जुलै २०१४ पासून ताशी ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने मधून जाण्यास परवानगी दिली. मात्र शिकाऊ परवानाधारकास, तसेच शाळेच्या वेळेत शाळेच्या परिसरात, ती नाही. अमेरिकेतील यूटा राज्याच्या २०१९ च्या कायद्यानुसार शेजारची वाहने पूर्ण थांबलेली असली पाहिजेत आणि मोटारसायकलचा वेग ताशी १५ मैलांच्या आत असला पाहिजे. कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्याने ही कृती अधिकृत केली, पण मूळ विधेयकातील वेगमर्यादा चर्चेत गळाली आणि मार्गदर्शक सूचना करण्याचे काम महामार्ग पोलिसांकडे सोपविण्यात आले. विधेयकातील सर्वांत उपयुक्त कलमच वगळले गेले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. फ्रान्सने २०१६ पासून काही विभागांत प्रयोग करून जानेवारी २०२५ मध्ये देशभर परवानगी दिली. तेथील एक अट मराठवाड्याच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे : रस्ता दुभाजकाने विभागलेला असला पाहिजे आणि एका दिशेस किमान दोन मार्गिका असल्या पाहिजेत.

माहूरच्या रस्त्यावर ही अट पूर्ण होत नाही. पैनगंगेच्या खोऱ्यात, विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या या गावी रेणुकादेवी, दत्तशिखर व अनसूया या स्थानांमुळे नवरात्रात आणि दत्तजयंतीस वाहनांची दाटी होते. एस. टी. गाड्या, जीपा, ट्रॅक्टर, पायी चालणारे यात्रेकरू आणि या सर्वांमधून वाट काढणाऱ्या, दोघा-तिघांना वाहून नेणाऱ्या मोटारसायकली असे मिश्रण तेथे असते. दुभाजक नसलेल्या अशा दुपदरी रस्त्यावर चढणाऱ्या रांगेच्या उजवीकडे जी मोकळी जागा दिसते, ती एकाच दिशेच्या दोन रांगांमधील नसून चढणारी व उतरणारी अशा दोन विरुद्ध रांगांमधील असते. कॅलिफोर्नियातील स्वाराला वेगांच्या वजाबाकीचा विचार करावा लागतो. माहूरच्या स्वाराला बेरजेचा. तो ताशी ३० किलोमीटरने चढत असेल आणि समोरची जीप तेवढ्याच वेगाने उतरत असेल, तर दीड सेकंदात त्यांच्यातील अंतर पंचवीस मीटरांनी घटते, आणि वळणावर एवढे अंतर पुष्कळदा नजरेच्या टप्प्यातही नसते. रुंदीचा हिशेबही असाच निराशाजनक आहे. दुपदरी रस्ता सात मीटरांचा धरला आणि अडीच मीटर रुंदीच्या दोन बसगाड्या आपापल्या कडेस अर्धा मीटर सोडून समोरासमोर आल्या, तर मध्ये एक मीटर उरतो. मोटारसायकलच्या हँडलची रुंदी सुमारे पाऊण मीटर असते. राहिलेली जागा दोन्ही बाजूंस मिळून एक वीत भरते.

यावरून असे दिसते की, परदेशात ज्या कृतीला मुभा मिळाली ती आणि माहूरच्या घाटात जी चालते ती, या दोन भिन्न गोष्टी आहेत. नांदेड शहरातील दुभाजक असलेल्या रस्त्यांवर, सिग्नलपाशी थांबलेल्या रांगांना परदेशी कायद्याचे तर्कशास्त्र लागू पडेल. घाटात ते लागू करणे घातक ठरेल.

भारतीय कायद्याची स्थिती काय आहे? मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली १९८९ मध्ये केलेल्या रस्त्याच्या नियमांत असे होते की, मार्गिका आखलेल्या रस्त्यावर चालकाने मार्गिकेतच राहावे व योग्य इशारा देऊनच ती बदलावी. त्या नियमांची जागा २०१७ च्या वाहनचालनविषयक विनियमांनी घेतली. मार्गिकेची शिस्त त्यांतही कायम आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७७-अ नुसार अशा विनियमांच्या भंगास पाचशे ते एक हजार रुपये दंड आहे, आणि कायद्याविरुद्ध रीतीने वाहन ओलांडून जाणे हे कलम १८४ खाली धोकादायक चालनात मोडू शकते. मार्गिकेचा नियम रस्त्यावरील रेषेवर उभा आहे. जेथे रेषाच आखलेली नाही किंवा पुसून गेली आहे, तेथे त्याला धरावयास काही उरत नाही.

परंतु दंडाची रक्कम हा या प्रश्नाचा गौण भाग होय. खरा परिणाम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दिसतो. रांगेमधून जाताना स्वार मरण पावला, तर 'मृताचाही निष्काळजीपणा होता' असा बचाव घेऊन विमा कंपनी भरपाईत कपात मागू शकते. ती मान्य झाल्यास तेवढा वाटा विधवेच्या व मुलांच्या पदरातून जातो. इंग्लंडमध्ये या प्रश्नावर न्यायालयांची दृष्टी कालांतराने पालटलेली दिसते. १९६६ च्या पॉवेल विरुद्ध मूडी या खटल्यात थांबलेली रांग ओलांडणाऱ्या मोटारसायकलस्वारावर ८० टक्के जबाबदारी टाकली गेली. २००६ च्या डेव्हिस विरुद्ध श्रोजिन या खटल्यात मात्र रांगेतून एकाएकी उलट फिरणाऱ्या मोटारचालकास पूर्णतः जबाबदार धरण्यात आले. अर्थात प्रत्येक खटल्याची वस्तुस्थिती वेगळी होती. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स कंपनी या प्रकरणात असे तत्त्व मांडले की, मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्यावरून मृताचा सहभागी निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. नियमभंग आणि अपघात अथवा इजा यांत कार्यकारणसंबंध दाखविला पाहिजे. हेच तत्त्व मधून जाण्याला लावले, तर केवळ रेषा ओलांडल्याने भरपाई कमी करता येणार नाही. मग प्रश्न वेगाचा, अंतराचा आणि रांग थांबलेली होती की चालू, याचा राहील.

महाराष्ट्राने मोठ्या रस्त्यांपुरते या वादाला निराळेच उत्तर दिले आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे–वरळी सागरी सेतू व समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना प्रवेशच नाही. मलेशियाने फेडरल महामार्गालगत मोटारसायकलींसाठी स्वतंत्र वाट बांधली, ती याहून उदार रीत म्हणावी लागेल. माहूरला यांपैकी काहीच उपयोगी नाही. तेथील बहुसंख्य कुटुंबांपाशी असेल तर एवढेच वाहन असते.

या विषयावर मत बनविण्यास लागणारी सामग्री सरकारी नोंदींतून मिळत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या व त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. त्या अहवालातील नियमभंगांच्या वर्गवारीत अतिवेग, मद्यपान, उलट दिशेने वाहन चालविणे, लाल दिवा ओलांडणे व मोबाईलचा वापर असे रकाने आहेत. रांगेमधून जाण्याचा रकाना नाही, ते सारे 'इतर' मध्ये किंवा 'अतिवेग' मध्ये विरून जाते. घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्त्याची रुंदी व वाहनांची स्थिती यांच्याबरोबर शेजारची रांग उभी होती की चालू, आणि ती त्याच दिशेची होती की समोरची, एवढ्या दोन बाबी नोंदविल्या गेल्या, तर न्यायाधिकरणापुढील वाद बराच सोपा होईल. ही मोजणी विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगी आहे. नवरात्रातील एका दुपारी घाटातील एखाद्या वळणावर उभे राहून, मधून जाणाऱ्या दुचाकींपैकी कितींच्या समोरून वाहन येत होते, एवढे टिपण्यास कागद, पेन्सिल आणि दोन माणसे पुरतील.