शिंदळ माकडी : एका पानाची साक्ष

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या खाली प्रवरा रंध्याच्या कड्यावरून उडी घेते. येणारे सगळे पाण्याकडे बघतात. त्याच परिसरातल्या कातळाच्या फटीत वाढणारी शिंदळ माकडी सहसा कुणाला दिसत नाही. मी ती पहिल्यांदा पाहिली भाद्रपदात. गुळगुळीत, गोल, रसाळ फांद्या, त्यांवर जाडसर लंबगोल पाने आणि मध्ये इंचभर रुंदीची पाच टोकांची चांदणी. रंग किरमिजी-जांभळा, वर पिवळी नक्षी. माघात पुन्हा गेलो तेव्हा पान एकही नव्हते. कड्याला नुसत्या करड्या कांड्या. आधी पाहिले नसते तर वाळकी मुळे समजून पुढे गेलो असतो.

या पानांवरच सगळा वाद आहे.

निकोल डाल्झेल हा मुंबई इलाख्याच्या वनखात्यातला स्कॉटिश अधिकारी. अलेक्झांडर गिब्सनबरोबर त्याने १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' प्रसिद्ध केला. पुढे तीन-चार वर्षांत जुन्नर भागातल्या या वनस्पतीचे वर्णन त्याने केले आणि तिच्यासाठी नवी प्रजातीच (म्हणजे अनेक जातींना सामावणारा गट) उभी केली. तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या नावावरून ती झाली 'फ्रेरिया इंडिका'.

हिची जवळची भावंडे म्हणजे माकडशिंगाचा गोतावळा, शास्त्रीय भाषेत कॅरालुमा. गुराखी त्याच्या कांड्या कच्च्या खातात, काही भागांत भाजीही करतात. त्याची कांडी चौधारी असते आणि धारेवर बारीक दाते. हे दाते म्हणजे खुरटून गेलेली पानेच. शिंदळ माकडीची कांडी गोल आणि पान चांगले भरदार, पावसाळ्यापुरते का होईना. एवढा फरक दिसल्यावर वेगळी चूल मांडून द्यावी असे कुणालाही वाटेल. पण पाने झाकून फक्त फूल पाहा. तीच मांसल पाकळ्यांची चांदणी, परागकण सुटे नसून मेणासारख्या गोळ्यांत बांधलेले, आणि पुढे जोडीने येणाऱ्या शेंगांत केसाळ शेंडीचे बी.

१९५८ मध्ये गॉर्डन रोली यांनी तिला कॅरालुमात घातले. तिथे 'इंडिका' नाव आधीच दुसऱ्या जातीला दिलेले होते, म्हणून ती 'कॅरालुमा फ्रेराय' झाली. गव्हर्नरसाहेब प्रजातीवरून जातीवर उतरले! अलीकडे डीएनएच्या आधारे तिला बाउसेरोसिया या प्रजातीत धरतात, म्हणजे बिनपानांच्या भावंडांतच. मला हे पटते. नाते फुलावरून ठरवावे. पान हा पुष्कळदा हवापाण्याचा मामला असतो. आणि आपल्याकडच्या माणसांनी माकडशिंग, शिंदळ माकडी अशी नावे ठेवताना दोघींना एकाच माकडाच्या पदरात टाकलेच होते.

वेगळेपण गेले म्हणून महत्त्व गेले, असे मात्र कुणी धरू नये. १९८० च्या दशकात जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींत हिची गणना झाली ती 'प्रजातीतली एकुलती एक' म्हणूनही असेल. पण रंधा, शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वरचा परिसर असे मोजकेच कडे तिला आहेत, हे नाव बदलल्याने बदलत नाही. फांदीचा तुकडा खोचला तरी ती कुंडीत सहज जगते, त्यामुळे हौशी लोकांच्या काचघरांत ती परदेशातही आहे. कड्यावर तिला शोधायचे तर श्रावण ते कार्तिक जावे. उन्हाळ्यात दिसली नाही, तर 'इथून नाहीशी झाली' असे वहीत लिहिण्याची घाई करू नये.