महागडी नवी मोटार : किंमत किती आणि भरवसा किती?

धंद्यात चार पैसे शिल्लक पडू लागले की माणसाचे लक्ष प्रथम घराकडे जाते आणि त्यानंतर मोटारीकडे. यात गैर काही नाही. बाहेरगावच्या पार्टीकडे जावे लागते, बाजारात पत राखावी लागते, घरच्या मंडळींची सोय पाहावी लागते. परंतु एखादी आलिशान गाडी बाजारात नव्याने येते तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. मागितलेली किंमत वाजवी आहे काय? आणि ही गाडी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालेल काय? जाहिरात या दोन्हींचे उत्तर एकाच शब्दात देते, तो शब्द म्हणजे कंपनीचे नाव. आमचे म्हणणे असे की, किंमत आणि भरवसा यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे. एकात उत्तम ठरलेली गाडी दुसऱ्यात महाग पडू शकते. याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही, ते आपल्या पुण्यातच घडले आहे.

पिंपरीची मर्सिडीज

१९९१ साली देशाचे आर्थिक धोरण बदलले आणि १९९३ साली मोटार कारखान्यांवरील परवान्याचे बंधन उठले. त्यानंतर परदेशी कंपन्यांची रीघ लागली. जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीने टेल्कोशी, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सशी, भागीदारी करून १९९४ साली मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन केली. या दोघांची ओळख जुनीच होती. १९५४ पासून पंधरा वर्षे टेल्कोचे ट्रक जमशेदपूरला याच जर्मन कंपनीच्या सहकार्याने तयार होत असत. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-२२० ही पेट्रोल गाडी जोडली जाऊ लागली. तिच्याच घरातली ई-२५० डिझेलही आली.

किंमत वीस लाख रुपयांच्या पुढे होती. त्या काळी मारुती ८०० दोन लाखांच्या आसपास मिळत असे. म्हणजे एका मर्सिडीजच्या पैशांत दहा मारुती दाराशी उभ्या राहिल्या असत्या. तरीही कंपनीला मोठी आशा होती. देशात पैसेवाले लोक आहेत, त्यांना आजवर चांगली गाडी मिळालीच नाही, तेव्हा ती मिळताच ते रांग लावतील, असा तिचा अंदाज होता. प्रत्यक्षात विक्री या अंदाजाच्या पुष्कळ खाली राहिली.

याचे कारण केवळ रकमेत नव्हते. पिंपरीत जोडली जाणारी गाडी ज्या मॉडेलची होती ते युरोपात १९८४ च्या अखेरीस आले होते. १९९५ साली, ज्या वर्षी आपल्याकडे ते सुरू झाले त्याच वर्षी, युरोपात त्याच्या जागी चार गोल दिव्यांचे नवे मॉडेल आले. वीस लाख मोजणारा माणूस परदेशी जाणारा-येणारा असतो. त्याने नवी गाडी तिकडे पाहिली आणि विचारले, तिकडे जे मॉडेल आता जुने झाले ते आम्ही येथे नव्याच्या भावाने का घ्यावे? मालाची पारख असलेल्या कोणत्याही व्यापाऱ्याने हाच प्रश्न विचारला असता. कापडाचा मागच्या हंगामाचा ताग कितीही मजबूत असला, तरी गिऱ्हाईक त्याला या हंगामाचा भाव देत नाही. काही वर्षांत कंपनीला नवे मॉडेल भारतात आणावेच लागले.

दुसरे कारण चलनाचे. गाडी येथे जोडली जात असली तरी सुटे भाग पेट्यांतून परदेशाहून येत. १९९५ च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे ३१ रुपये पडत, १९९९ पर्यंत ते ४३ च्या घरात गेले. जो माल आयात सुट्या भागांवर उभा आहे, त्याची किंमत आणि पुढील दुरुस्तीचा खर्च दोन्ही रुपयाच्या घसरणीबरोबर चढतात. गाडी घेताना हा धोका कोणी पावतीवर लिहून देत नाही.

भरवशाचे काय झाले?

आता दुसरा प्रश्न. किमतीबद्दलची शंका खरी ठरली, पण ज्या जुन्या मॉडेलला लोकांनी नाक मुरडले ते टिकाऊपणात मात्र खरे उतरले. जगभर त्याच्या पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि जर्मनीत टॅक्सीवाल्यांनी त्या वर्षानुवर्षे राबवल्या. टॅक्सीवाला गाडीच्या नावावर भाळत नाही, तो रोजची कमाई पाहतो. त्याने पसंत केलेली गाडी भरवशाची मानायला हरकत नसते. त्या मॉडेलची यंत्ररचना साधी आणि दणकट होती. उलट ज्या नव्या मॉडेलसाठी गिऱ्हाईक थांबले होते त्याच्या पत्र्याला युरोपात लवकर गंज चढतो, अशी तक्रार पुढे सर्वत्र झाली. नवे ते चांगले आणि जुने ते टाकाऊ हा समज येथे उलटा पडला. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत आजही त्या जुन्या मॉडेलला मान आहे.

परंतु गाडी स्वतः चांगली असणे पुरेसे नसते. ती ज्या देशात चालणार तेथील रस्ता, इंधन आणि कारागीर तिला साथ देतात की नाही हेही पाहावे लागते. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारी नळकांडी, सक्तीची झाली. तिला शिसे चालत नाही. शिसे मिसळलेले पेट्रोल भरले की आतील थर निकामी होतो. त्या वेळी बिनशिशाचे पेट्रोल निवडक पंपांवरच मिळे. सबंध देशात शिशाचे पेट्रोल बंद झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. या मधल्या काळात अशी गाडी घेऊन लांबच्या गावी जाणाऱ्याला पंप शोधत फिरावे लागे. यात दोष गाडीचा नव्हता, पण त्रास मालकालाच होता.

कंपनी टिकेल काय?

भरवशाचा आणखी एक भाग आपण सहसा विसरतो. गाडी दहा वर्षे चालायची तर तिच्या मागे कंपनीही दहा वर्षे उभी राहावी लागते. १९८५ साली मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने स्टँडर्ड २००० नावाची गाडी काढली. अंगावर इंग्लंडच्या रोव्हर गाडीचा देखणा साज होता, पण आत कित्येक वर्षांपूर्वीच्या जुन्या बनावटीचे इंजिन बसवलेले होते. किंमत आलिशान, चाल मात्र मंद. थोड्याच वर्षांत ती बंद पडली आणि घेणाऱ्यांच्या हाती भंगाराच्या बाजारात भाग शोधण्याचे काम आले.

आपल्याच राज्यात कल्याणला प्रीमियर आणि फ्रान्सच्या प्यूजो यांनी मिळून प्यूजो ३०९ काढली. गाडी चालवायला चांगली होती, परंतु कामगारांच्या तंट्याने कारखाना अडला, भागीदारी मोडली आणि नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस सारे थांबले. १९९५ सालीच आलेल्या दायवू सिएलोचे तसेच झाले. आधी तिचे भाव खाली आणावे लागले. ज्यांनी सुरुवातीला पूर्ण दाम मोजले त्यांच्या गाडीची किंमत एका घोषणेने उतरली. पुढे २००० साली कोरियातील मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली.

या तिघींच्या तुलनेत मर्सिडीजने मात्र पाय रोवले. २००९ साली तिने कारखाना चाकणला हलवला आणि तो आजही चालू आहे. मंद विक्रीच्या वर्षांत ती निघून गेली असती, तर पिंपरीच्या त्या मजबूत गाड्यांचीही गत वेगळी झाली नसती.

आजचा हिशेब

आता आजच्या बाजाराकडे वळू. ऑक्टोबर २०२४ मध्ये चाकणहून नवी लांब ई-क्लास बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत साडेअठ्ठ्याहत्तर लाखांपासून सुरू झाली. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ८० लाखांची पेट्रोल गाडी धरू.

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर वीस लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के मोटार वाहन कर पडतो. तो झाला १० लाख ४० हजार. हीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के, म्हणजे १६ लाख. नाव बदलताच ५ लाख ६० हजारांचा फरक पडतो. कित्येक जण आयकरात घसारा मिळतो म्हणून गाडी कंपनीच्या नावावर घेतात. घसारा मिळतो हे खरे, शिल्लक किमतीवर वर्षाला १५ टक्के. परंतु हा करातील फरक आधी वजा करून पाहावा. शिवाय प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट साधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. मालाच्या खरेदीप्रमाणे ते वळते होईल या समजुतीत राहू नये.

पुढे घसरण. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरलेल्या कोष्टकाने उतरवतात. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे पाचव्या वर्षी ८० लाखांचे ४० लाख उरले. बाजारात विकताना याहूनही कमी येऊ शकतात. गेलेले ४० लाख आणि कराचे १० लाख ४० हजार मिळून ५० लाख ४० हजार झाले. साठ महिन्यांनी भागा. दरमहा ८४ हजार रुपये. यात पेट्रोल, विम्याचा हप्ता, ड्रायव्हर, टायर आणि सर्व्हिसिंग अजून धरलेलेच नाही.

व्याज टाळणारे आमचे अनेक बांधव गाडी रोखीने घेतात. नियत चांगली आहे. पण व्याज नाही म्हणजे खर्च नाही असे नसते. ८० लाखांचा माल वर्षात दोनदा फिरला आणि दर खेपेला खर्च वजा जाता पाच टक्के सुटले, तर वर्षाकाठी ८ लाख होतात. दुकानातून भांडवल काढून गाडीत घातले की ही कमाई थांबते. दिवाळी-रमजानच्या हंगामात माल भरायला पैसे कमी पडले, तर दाराशी उभी असलेली गाडी कामाला येत नाही.

विम्याचीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साध्या पॉलिसीत रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर विमा कंपनी निम्मीच भरपाई देते. आजच्या गाडीचे बंपर, जाळी, आतील पट्ट्या बहुतेक प्लास्टिकच्याच असतात. लहानशा ठोकरीतही मालकाचा खिसा मोठा फाटतो. ज्याला ‘झीरो डेप’ म्हणतात ते जादा संरक्षण किती वर्षे मिळेल, हे गाडी घेण्यापूर्वीच विचारावे.

कारागिरांचा प्रश्न

नाना पेठेतील स्पेअर पार्टवाल्यांपासून डेंटर, पेंटर, वायरमन आणि सीट शिवणाऱ्यांपर्यंत अनेक घरे मोटारीवर चालतात. महागड्या गाडीचा भरवसा हा त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे. जुन्या मर्सिडीजचे इंजिन कानाने ऐकून आणि हाताने चाचपून ओळखता येत असे. आजच्या गाडीत कित्येक लहान संगणक असतात आणि बिघाड कळायला स्कॅनर लावावा लागतो. तो स्कॅनर आणि अस्सल भाग कंपन्या बाहेरच्या गॅरेजला देईनात, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने मर्सिडीजसह १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला आणि भाग व साधने खुली करण्यास सांगितले. कंपन्यांनी याविरुद्ध अपिले केली. पण तत्त्व स्पष्ट झाले की, गाडी विकली म्हणजे तिच्या दुरुस्तीचा मक्ता विकत्याकडे राहत नाही.

याचा फायदा ज्याच्या अंगी इल्म आहे त्यालाच मिळेल. आपल्या मुलांनी पान्याबरोबर स्कॅनर आणि वायरिंगचा नकाशा वाचायला शिकावे. ज्या शहरात अशी गाडी बाहेर नीट दुरुस्त होते तेथे ती जुनी झाल्यावरही भाव राखते. कारागिराचे हात चांगले असले की मालकाचाही पैसा वाचतो.

घेण्यापूर्वी एवढे विचारावे

हे मॉडेल परदेशात केव्हा आले आणि केव्हा बदलणार? किती भाग येथे बनतात? हमी संपल्यावर गिअरबॉक्स, एसी आणि सस्पेन्शनचे भाग कितीला पडतात? हे दर लेखी मागून घ्यावेत. तीन वर्षे चाललेली तीच गाडी आज कितीला विकली जाते? विक्रेता आणि कंपनी किती वर्षे पुण्यात आहेत? मॉडेल अगदी नवे असेल, तर पहिल्याच खेपेची गाडी घेण्याची घाई करू नये. सुरुवातीचे दोष पहिल्या गिऱ्हाइकांच्या अनुभवातून बाहेर पडतात आणि पुढच्या खेपेत दुरुस्त होतात.

वर्षभर थांबल्याने व्यापाऱ्याची पत कमी होत नाही. वेळेवर देणे चुकते करणाऱ्याची पत पायी चालतानाही राहते. हिशेबात बसली तर गाडी जरूर घ्यावी. न बसली तर दोन-तीन वर्षे वापरलेली, एका मालकाची आणि सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी असलेली गाडी बघावी. तिची सुरुवातीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते, आणि तिच्यात किती दम आहे हेही तोवर कळून चुकलेले असते.