हुकुमापूर्वीचे दिवस

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याच्या लेखी दत्तक ही प्रथमतः गाव नमुना सहामधील एक फेरफार नोंद असते. मयत खातेदार, दत्तकपत्राची नोंदणी, भाऊबंदांच्या हरकती आणि मंडळ अधिकाऱ्याचा शेरा एवढ्या तपशिलात तो विषय आटोपतो, आणि ज्या मुलाच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो ते मूल त्या दफ्तरात कोठेही दृष्टीस पडत नाही. आमच्या जिल्ह्याला ज्यांचे नाव आता लाभले आहे, त्या जामखेड तालुक्यातील चौंडीच्या अहिल्याबाईंनी १७६७ साली पुत्र मालेराव गमावल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी त्यांना एखादा मुलगा दत्तक घेण्याची मसलत दिली आणि त्यांनी ती धुडकावली; मसलतीतही आणि नकारातही विचार होता तो दौलतीचा. १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले तेही दत्तकाच्याच वादावर. त्या काळात मुलाकडे मूल म्हणून पाहणारे घर शोधायचे तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्याकडे वळावे लागते. नगरला मिस फरार यांच्या हाताखाली शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतलेल्या सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या विधवेच्या पोटी १८७४ साली जन्मलेला यशवंत आपला मानला, त्याला डॉक्टर केले, आणि त्या घरात वारसाहक्काने देण्याजोगी जहागीर मुळीच नव्हती.

हे सारे आठवण्याचे कारण माझी भाची. राहाता तालुक्यात, प्रवरा कालव्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या ऊस-पेरूच्या टापूत तिचे सासर आहे. ती शिक्षिका, जावईबापू साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात. गेल्या गळीत हंगामाच्या ऐन भरात त्यांच्या घरी दोन वर्षांची मुलगी आली आणि तेव्हापासून, निवृत्त माणसाला कोणी हटकत नाही या सवलतीचा लाभ घेऊन, मी त्या घराच्या पडवीत बराच बसलो. मुलीचे नाव येथे देत नाही; अशा मुलांची ओळख प्रकट करण्यास कायद्याची मनाई आहे आणि ती मनाई मला सर्वथा योग्य वाटते.

कागदांची हकीकत थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती सरळ आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला आणि दत्तहोमाची सक्तीही उठवली. परंतु संस्थेतील निराधार बालकांचे दत्तकविधान आज २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखाली होते. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे सर्वजण ज्याला 'कारा' म्हणतात त्याच्याकडे, संगणकावर नाव नोंदवायचे. मग समाजसेविका घरी येऊन पगार, प्रकृती, नातीगोती आणि मनाची तयारी यांचा अहवाल लिहिते. आणि त्यानंतर वाट पाहायची, ती लहान मुलासाठी बहुधा तीन वर्षांहून अधिक. कोणाही बालकाला दत्तकासाठी मुक्त ठरवणे हे बालकल्याण समितीचे काम; जन्मदात्रीने मूल स्वाधीन केले असेल तर फेरविचारासाठी तिला ६० दिवसांची मुदत असते, आणि ही मुदत मला या संपूर्ण कायद्यातील सर्वांत सहृदय कलम वाटते. एके दिवशी मुलाचा फोटो, वैद्यकीय अहवाल आणि माहिती येते, ४८ तासांत होकार नोंदवावा लागतो, संस्थेत जाऊन मूल पाहावे लागते. अंतिम हुकूम पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. हुकूम निघेपर्यंत मूल ज्या अवस्थेत घरी राहते तिला दत्तकपूर्व संगोपन म्हणतात. मी पाहिले ते हे दिवस.

नगर शहरात स्नेहालयाचे स्नेहांकुर हे दत्तक केंद्र आहे, परंतु यादीतील क्रम जिल्ह्याची सीमा पाहत नाही, आणि भाचीच्या वाट्याची मुलगी दूरच्या एका जिल्ह्यातील संस्थेत निघाली. ती आली तेव्हा सोबत लसीकरणाचे कार्ड होते, अंगावर संस्थेचा फ्रॉक होता, आणि तेथील वृद्ध सेविकेने न मागता दिलेली एक सूचना होती, की हा फ्रॉक आणि पांघरूण इतक्यात धुऊ नका. भाचीच्या सासूबाई स्वच्छतेच्या मोठ्या कैवारी. त्यांनी सूचना ऐकून घेतली आणि कपडे बादलीत टाकलेच होते, पण जावईबापूंनी ते कोरडे असतानाच बाहेर काढले. पुढे कित्येक रात्री ती मुलगी त्या पांघरुणाचे टोक नाकाशी धरून झोपली. घर, माणसे, अन्न, झोपण्याची जागा, रात्रीचे आवाज, सारेच एका दिवसात पालटलेल्या जिवाला ओळखीचा म्हणून तेवढा एक वास उरला होता.

गावात पहिल्या दिवसापासून तिची ख्याती झाली ती गुणी म्हणून. ती रडत नसे. कोणीही हात पुढे केला की त्याच्या कडेवर जाई. शेजारीण असो, दूधवाला असो, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम असो, तिला सगळे सारखे. आयाबाया कौतुकाने म्हणत, "किती लवकर रुळली गं पोर!" या कौतुकाने भाचीचा चेहरा पडे, आणि प्रथम मला त्याचे नवल वाटे. समाजसेविकेने तिला बजावले होते, की जे मूल सर्वांकडे जाते ते अद्याप कोणाचेच झालेले नसते. संस्थेत पाळ्या बदलतात, सेविका येतात आणि जातात, मायेने करतात पण एकीच्या हाताखाली पुष्कळ मुले असतात. तेथे मूल पहिला धडा शिकते तो हा, की जो हात समोर येईल तो धरावा आणि सुटला तर हाक मारू नये. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात मातृवियोगाचे हेच परिणाम नोंदवले होते, आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढून ते डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवले होते. मूल आधी आक्रोश करते, मग खचते, आणि शेवटी अलिप्त होते. पाहणाऱ्याला ही शेवटची अवस्था समंजसपणाची वाटते.

म्हणून भाचीने एक नियम केला आणि तो एखाद्या सरकारी परिपत्रकासारखा कडकपणे अंमलात आणला: भरवणे, न्हाऊ घालणे, निजवणे आणि पडल्यावर उचलणे ही चार कामे आईबापांखेरीज कोणी करायची नाहीत. सासूबाईंना हे जड गेले. आयुष्यभर लेकी-सुनांची बाळंतपणे करून ज्यांचे हात तरबेज झाले, त्यांनी नात पडवीत अडखळून पडलेली पाहावी आणि उचलू नये, याहून अवघड शिक्षा कोणती? पण त्यांनी ती पाळली. त्या स्वयंपाकघरातून हाक मारीत, "अगं, पडली बघ पोरगी!" आणि भाची धावत येईपर्यंत स्वतः पदर मुठीत धरून उभ्या राहत. या आठवड्यांत सर्वांत कठीण काम कोणी केले असे मला कोणी विचारले, तर मी त्यांचे नाव घेईन. शिर्डी हाकेच्या अंतरावर असूनही बाबांच्या दर्शनाला नेण्याचा बेत त्यांनी आपण होऊन पुढे ढकलला. गर्दी कमी होण्याची वाट पाहायची तर शिर्डीत जन्म जाईल, हे त्यांनीच मला हसत सांगितले.

जेवणाचे प्रकरण निराळे होते. मुलगी खाई ती पोट भरेपर्यंत नव्हे, ताट रिकामे होईपर्यंत. दोन्ही हातांत बिस्किटे असल्याशिवाय स्वस्थ बसत नसे आणि ती न खाता नुसती धरून ठेवी. उशीखाली पोळीचे वाळके तुकडे सापडू लागले. सासूबाई म्हणाल्या, "हावरट नाही हो, धास्तावलेली आहे," आणि हे निदान बालरोगतज्ज्ञांच्या निदानाशी तंतोतंत जुळले. संस्थेत अन्न कमी नसते, पण ते घड्याळाच्या हुकमतीत असते. मागून मिळत नाही, वेळ झाली की मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिच्या हाताला येईल अशा फडताळात एक वाटी ठेवण्यात आली, त्यात केळ्याचे काप आणि पोळीचे तुकडे, आणि ती वाटी दिवसभर कधीही रिकामी राहू द्यायची नाही असे ठरले. आरंभी ती दर थोड्या वेळाने जाऊन वाटी आहे ना हे पाहून येई. मग पाहणे विरळ झाले. चावण्याची सवय नसल्याने भाकरी तिला बरेच दिवस जमली नाही. मऊ भात आणि मुगाचे वरण यांवरच तिचा भर होता.

पुरुष मात्र तिला अपरिचित होते. संस्थेत बायकाच असतात, त्यामुळे जाड आवाजाचा आणि मिशांचा हा प्राणी पुन्हा पुन्हा घरात दिसतो आणि रात्रीही जात नाही, याचा तिला उलगडा होईना. अनोळखी मुकादमाच्या कडेवर बिनतक्रार जाणारी ती, रोज दिसणाऱ्या बापाला पाहून खांबाआड होई. भाचीच्या मते हेही चांगलेच लक्षण होते, कारण दचकण्याइतका तो तिच्या खिजगणतीत आला होता. जावईबापूंनी तिला उचलण्याचा यत्न सोडून दिला. ते रोज सायंकाळी पडवीच्या जमिनीवर, तिच्याकडे अर्धी पाठ करून, वर्तमानपत्र पसरून बसत. कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर कर्ण्यावर गाणी लावून जात, मळीचा आंबूस वास येई, आणि बापलेक एकमेकांकडे न पाहता बसून राहत. एकदा तिने त्यांच्या मनगटावरचे घड्याळ बोटाने टोकरले. त्यांनी हात हलवला नाही, वर पाहिले नाही, फक्त वर्तमानपत्राचे पान उलटणे थांबवले. त्यानंतर घड्याळ हा दोघांतील कायमचा व्यवहार झाला.

रजेविषयी दोन शब्द लिहिणे मला भाग आहे, कारण ऐन हंगामात शेतकी खात्यातील माणसाने रजा मागणे म्हणजे काय हे या टापूत सर्वांना ठाऊक आहे; तेव्हा प्रश्न उरला तो आईच्या रजेचा. मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन दत्तक घेणाऱ्या मातेला बारा आठवड्यांची रजा मिळाली, पण त्या दुरुस्तीत मूल तीन महिन्यांच्या आतील असण्याची अट होती. आता बालक दत्तकासाठी मुक्त ठरण्यातच दोन महिने सरतात, पुढे निवड, तपासणी, होकार. तेव्हा तीन महिन्यांच्या आतील मूल घरी येणार कसे, हा हिशेब मसुदा करणाऱ्याने बोटांवर तरी करून पाहावयास हवा होता. आणि दोन वर्षांच्या मुलीला आईची गरज कमी असते असे ज्याला वाटते, त्याने या पडवीत एक सायंकाळ बसावे. भाचीने साठवलेली रजा खर्च केली.

एका मध्यरात्री मुलगी रडून उठली. तोवर ती रात्री जागी झाली तरी छताकडे पाहत निमूट पडून असे. हाक मारून कोणी येते हा अनुभवच नव्हता. त्या रात्री तिने हाक मारली, 'मावशी' अशी, कारण तिला येत असलेला शब्द तोच होता, आणि भाची उठून बसली तेव्हा तिच्या गळ्यात पडून ती दीर्घकाळ ओरडली. भाचीने सकाळी मला सांगितले, "मामा, आज पहिल्यांदा रडली," तेव्हा तिच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. गावाने मात्र उलटाच अर्थ लावला. त्याच आठवड्यात मुलगी शेजारणीकडे जाईनाशी झाली, आईच्या साडीच्या निऱ्यांचा घोळ सोडीना, आई न्हाणीघरात गेली तर दाराशी आकांत करी, आणि लोक म्हणू लागले की आधी किती शहाणी होती, आता लाडाने बिघडली.

या दिवसांत मला वारंवार चीनची आठवण होई. त्या देशाने १९९२ पासून परदेशी कुटुंबांना मुले दत्तक दिली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती प्रथा संपुष्टात आणली; दरम्यान दीड लाखाहून अधिक मुले, त्यांत बहुसंख्य मुली, परदेशी गेली. अमेरिकेहून आलेल्या जोडप्याला प्रांताच्या राजधानीत मूल हाती मिळे, मग व्हिसासाठी ग्वांगझूच्या वाणिज्य वकिलातीपर्यंत जावे लागे, आणि कागद पुरे होईतो ते आईबाप आणि ते मूल परक्या शहरातील हॉटेलच्या खोलीत राहत. भाषा परकी, अन्न परके, मुलाचे रडणे अनाकलनीय, गैरसोय अपार. परंतु एक सुख त्यांना आयतेच लाभे, ते म्हणजे त्या खोलीचे दार वाजवून मुलाला पाहायला येणारा नातलग कोणी नसे. आमच्याकडे गैरसोय काहीच नव्हती, आणि दार दिवसभर वाजत होते. नारळ, झबली, चांदीचे वाळे, पेढे आणि प्रत्येकीची "ये गं माझ्याकडे". यांतील एकही वस्तू वाईट हेतूने आली नव्हती, आणि प्रत्येक भेटीनंतर मुलीची ती रात्र जागी जाई. अखेर भाचीने नामकरणाचा समारंभ बेमुदत तहकूब केला. नाव तरी बदलायचे कशाला, संस्थेत पडलेलेच नाव ठेवले. तिच्या मालकीचे तेवढेच होते.

हुकूम अद्याप निघायचा आहे. तो निघाला की जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून या दोघांची नावे चढतील, आणि नंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी समाजसेविका येऊन अहवाल लिहील. वाचकांपैकी कोणाच्या भावकीत, गल्लीत किंवा कचेरीत असे मूल आले, तर माझी एवढीच विनंती आहे: पहिले दोन-तीन महिने पाहायला जाऊ नका, कडेवर घेऊ नका, मुलाच्या देखत त्याच्या पूर्वेतिहासाची चौकशी करू नका. फारच जीव राहत नसेल तर दोन माणसांचा जेवणाचा डबा दारात ठेवा आणि परत या.