दोन वर्षांचं शिक्षण आणि उशिरा येणारा पैसा

गरिबाच्या मुलाला शिकवायचं तर आधी त्याच्या राहण्या-जेवणाचं बघावं लागतं, हे वऱ्हाडाला शंभर वर्षांपूर्वीच उमगलं होतं. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. त्यांची श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतरची, १९३२ची. आधी वसतिगृह, मग कॉलेजं, हा क्रम पुढच्या काळात सुटत गेला, असं माझं मत आहे. सरकारी मदत वाढली हे खरंच. १९४४मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली, १९५९मध्ये आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी ईबीसी सवलत आली, आणि त्या फीमाफीवर खेड्यांतल्या पिढ्या शिकल्या. पण अकरावी-बारावी किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर-इलेक्ट्रिशियन करणाऱ्या मुलाला अडवते ती फी नव्हे. धारणीहून अमरावतीला किंवा तेल्हाऱ्याहून अकोल्याला आलेल्या मुलाला खोलीभाडं, खानावळ आणि एसटीचा खर्च अडवतो.

या खर्चाकडे सरकारनं कसं पाहिलं, ते दरांवरून कळतं. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर योजनेत पदवीखालच्या अभ्यासक्रमांचा गट सर्वांत शेवटचा. २०१०च्या दरानं त्यातल्या घरून ये-जा करणाऱ्या मुलाला निर्वाह भत्ता महिना २३० रुपये होता; २०२१च्या सुधारणेत तो वर्षाला २,५०० झाला. अकरा वर्षांची महागाई या आकड्यांत कुठेच दिसत नाही. राज्याची स्वाधार योजना मात्र २०१६-१७पासून योग्य दिशेनं गेली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला ती अकरावीपासूनच धरते, आणि रक्कमही जगण्याच्या हिशेबाची आहे : अमरावतीसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१ हजार, इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३ हजार. उलट पंजाबरावांच्याच नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता राहिला. अल्पभूधारकाच्या अकरावीतल्या मुलीला त्याचा उपयोग नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मर्यादित पैसा डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांवर खर्चावा, कारण त्यांचा खर्च मोठा, असं यावर म्हटलं जातं. पण गळती आधीच्या पायरीवर होते. जी मुलगी बारावीपर्यंत टिकलीच नाही, तिच्यासाठी पुढच्या योजना असून नसल्यासारख्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही संस्थांनी विद्यार्थ्यांच्या नावावर शिष्यवृत्ती लाटल्याची प्रकरणं विदर्भातच उघडकीला आली. तेव्हा पडताळणी हवीच, आणि पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जायला हवा. हे मला मान्य आहे. मात्र त्यासाठीचं राज्याचं महाडीबीटी पोर्टल २०१७-१८मध्ये पहिल्याच वर्षी कोलमडलं आणि अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले, तेव्हा त्या तपासणीची किंमत उशिरा आलेल्या पैशाच्या रूपानं विद्यार्थ्यांनीच मोजली. चार वर्षांच्या पदवीत एक वर्षाचा उशीर कसाबसा सोसता येतो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तेवढ्यात निम्मं शिक्षण उरकलेलं असतं. पेरणी उलटल्यावर आलेल्या बियाण्यासारखा तो पैसा.

पडताळणी आधी उरकता येते. दहावीच्या वर्षातच शाळेनं उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं हे सगळं तयार करून घ्यावं, आणि प्रवेश पक्का होताच निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता जमा व्हावा. उरलेली छाननी दुसऱ्या हप्त्यापूर्वी करायला दिवाळीपर्यंतचा वेळ मिळतो.